विक्रम कोणाच्या खाती?

४ मार्च २०२३ रोजी सौदी अरेबियातील रियाध येथे संतोष करंडकाचा अंतिम सामना झाला आणि कर्नाटकाने मेघालयाचा ३–२ असा पराभव केला. आपली राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा परदेशी नेण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न निराळा. तो तूर्त बाजूस ठेवू. त्या विजयाचे वर्णन सर्वत्र एकाच वाक्याने झाले: चोपन्न वर्षांनंतर करंडक कर्नाटकाकडे परत आला. दप्तराशी ज्याचा नित्य संबंध येतो अशा माणसाला या वाक्यात एक अडचण ताबडतोब दिसावी. चोपन्न वर्षांपूर्वी, म्हणजे १९६८–६९ च्या हंगामात, कर्नाटक नावाचे राज्यच नव्हते. करंडक जिंकला होता म्हैसूरने. राज्याचे नामांतर झाले ते १ नोव्हेंबर १९७३ रोजी. मग रियाधचा विजय हा कर्नाटकाचा पहिला म्हणावयाचा की पाचवा?

वाचकांपैकी पुष्कळांना हा प्रश्न पोरकट वाटेल. नाव बदलले तरी माणूस तोच राहतो, असे ते म्हणतील. पण येथे माणूसही तोच राहिलेला नाही. म्हैसूरने हा करंडक चार वेळा जिंकला: १९४६–४७, १९५२–५३, १९६७–६८ आणि १९६८–६९. पहिल्या विजयाच्या वेळी म्हैसूर हे वडियार महाराजांचे संस्थान होते. दुसऱ्या वेळी स्वतंत्र भारतातील ‘ब’ वर्गाचे राज्य. शेवटच्या दोन वेळी १९५६ च्या पुनर्रचनेत धारवाड, विजापूर, गुलबर्गा, मंगळूर यांना पोटात घेतलेले भाषावार राज्य. तीन म्हैसुरे आणि एक कर्नाटक, असा हा हिशेब आहे. शिवाय फुटबॉल ज्या भागात रुजला तो बंगळूरचा लष्करी छावणीचा विभाग तर १९४७ पर्यंत महाराजांच्या अमलाखाली नव्हताच. तेथे इंग्रज रेसिडेंटचा कारभार चाले. तरीही नोंद एकच धरली जाते, आणि माझ्या मते ती तशी धरणे योग्यच आहे. आपल्याकडेही मुंबई राज्याने १९५४–५५ मध्ये जिंकलेला संतोष करंडक महाराष्ट्राच्या खात्यात मोजतात. क्रिकेटमध्ये मात्र मुंबई आणि महाराष्ट्र यांची खाती आजतागायत वेगळी आहेत. एकाच प्रांताच्या एकाच काळाच्या या दोन निरनिराळ्या पद्धती आहेत. सारांश, विक्रमांचे पुस्तक हे वाटते तितके निमूट पुस्तक नसते. त्यात कोणाच्या नावापुढे काय लिहावयाचे हे आधी कोणीतरी ठरवलेले असते.

या विषयाचा सर्वांत बारकाईने विचार झालेला देश माझ्या माहितीप्रमाणे ऑस्ट्रेलिया होय. तेथे मेलबर्नच्या आसपास एक स्वतंत्र फुटबॉल खेळला जातो. अंडाकृती चेंडू, क्रिकेटचे लंबवर्तुळाकार मैदान, प्रत्येक बाजूस अठरा गडी. हाताने चेंडू धरण्यास मुभा. मधल्या खांबांतून चेंडू मारल्यास सहा गुण, बाजूने गेल्यास एक. आपल्याला हा खेळ पाहून काहीही उमजणार नाही, परंतु त्याची दप्तरे पाहून मन प्रसन्न होईल. १८९७ मध्ये त्यांची मुख्य साखळी सुरू झाली तेव्हापासून कोणत्या क्लबातून कोण किती सामने खेळला आणि त्याने किती गोल केले, याची ओळीने नोंद आहे.

या साखळीत साउथ मेलबर्न नावाचा एक जुना क्लब होता. त्याने १९०९, १९१८ आणि १९३३ साली विजेतेपद मिळवले. पुढे दिवस फिरले, पैसा आटला, आणि १९८२ मध्ये क्लबची बदली झाली. बदली हाच शब्द येथे योग्य आहे. सुमारे सातशे किलोमीटर दूर सिडनीस त्याला हलवण्यात आले. पुढे नावही सिडनी स्वान्स झाले. मेलबर्नमधील जुन्या चाहत्यांना त्या वेळी काय वाटले असेल, हे ज्यांनी वीस वर्षे राहिलेले सरकारी घर रिकामे केले आहे त्यांना सांगावयास नको. परंतु क्लबबरोबर त्याचे सेवापुस्तकही गेले. २००५ मध्ये सिडनीने अंतिम सामना अवघ्या चार गुणांनी, ५८ विरुद्ध ५४ असा जिंकला तेव्हा लोकांनी म्हटले, बहात्तर वर्षांनंतर विजय मिळाला. म्हणजे मोजणी १९३३ पासून, साउथ मेलबर्नपासून झाली. त्या क्लबचा थोर खेळाडू बॉब स्किल्टन याने १९५९, १९६३ आणि १९६८ असा तीनदा साखळीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. क्लबला विजेतेपद मात्र त्याच्या हयातभराच्या खेळात एकदाही लाभले नाही. तो सिडनीकरिता एक सामनाही खेळला नाही. तरीही सिडनीचा क्लब आपल्या वर्षातील उत्तम खेळाडूस जे पदक देतो ते स्किल्टनच्या नावाचे आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट फिट्झरॉय या क्लबची. आठ विजेतेपदे मिळवलेला हा क्लब १९९६ च्या अखेरीस ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाला. नव्या क्लबने सिंहाचे चिन्ह घेतले, रंग घेतले. ती आठ विजेतेपदे मात्र त्याच्या आकड्यात मिळवली जात नाहीत. ती फिट्झरॉयच्याच नावावर राहिली आहेत. बदली झाली तर ज्येष्ठता टिकते, विलीनीकरण झाले तर नाही, हा नियम आपल्या कचेऱ्यांतही काही अनोळखी नाही.

खेळाडूंचेही तसेच. टोनी लॉकेट नावाच्या खेळाडूने त्या साखळीत एकूण १३६० गोल केले. हा उच्चांक आहे. त्यांतील ८९८ सेंट किल्डा या मेलबर्नच्या क्लबकडून आणि ४६२ सिडनीकडून. दोन्ही क्लबांच्या पुस्तकांत आपापले आकडे आहेत, आणि साखळीच्या पुस्तकात बेरीज आहे. माणूस कोठेही नोकरीस गेला तरी एकूण सेवा मोजणारे एक वरचे दप्तर असले म्हणजे त्याचे नुकसान होत नाही.

आता बंगळूरकडे वळू. या शहराकडे असे वरचे दप्तर नाही. किंबहुना खालची दप्तरेही पुष्कळशी नाहीत. याचा पहिला परिणाम असा की, या शहराच्या सर्वांत मोठ्या पराक्रमाची नोंद मुंबईत सापडते. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. पुढील चार दशकांहून अधिक काळ तो गोऱ्या पलटणींच्याच कपाटात फिरत राहिला. १९२३ मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागानने अंतिम फेरी गाठली, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४–१ असे हरवले. हा चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ म्हणजे बंगलोर मुस्लिम्स. १९३७ साली त्यांनी अंतिम सामन्यात मोहम्मेडन स्पोर्टिंगला १–० असे हरवले. मोहम्मेडन स्पोर्टिंग म्हणजे त्या वेळचा हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य देशी संघ. कलकत्त्याची साखळी स्पर्धा त्यांनी १९३४ पासून ओळीने पाच वर्षे जिंकली. त्यांना हरवणे हा योगायोग नव्हता, कारण दुसऱ्याच वर्षी बंगळूरच्या याच संघाने आर्गाइल अँड सदर्लंड हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीला ३–२ असे नमवून चषक राखला. १९४० मध्ये ते पुन्हा अंतिम फेरीत होते. मोहम्मेडनने त्या वेळी परतफेड केली. आणि १९४८ मध्ये मोहन बागानला १–० असे हरवून त्यांनी चषक तिसऱ्यांदा आणला.

मोहन बागानने १९११ मध्ये अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवले, ही कथा शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बंगलोर मुस्लिम्सचे १९३७ हे वर्ष कोणाला ठाऊक आहे? मोहन बागान क्लब आजही आहे. दरवर्षी २९ जुलैला तो त्या दिवसाचे स्मरण करतो, अमर अकराची चित्रे लावतो. बंगलोर मुस्लिम्सच्या मागे तसे करणारा वारस उरला नाही. रोव्हर्स चषकाची स्पर्धाही या शतकाच्या आरंभी बंद पडली. विजेत्यांच्या यादीतील तीन ओळी, एवढीच त्या संघाची मिळकत.

दुसरा परिणाम अधिक नाजूक आहे. बंगळूरचे चांगले खेळाडू बाहेरगावी जात, आणि त्यांचे कर्तृत्व तेथील वह्यांत चढत असे. ३१ जुलै १९४८ रोजी लंडनजवळील इल्फर्ड येथे स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक फुटबॉल सामना फ्रान्सशी झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी हुकल्या, शेवटच्या क्षणी फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण १–२ असे हरलो. आपला एकमेव गोल केला तो सारंगपाणी रामन या म्हैसूरच्या खेळाडूने. गोलरक्षक वरदराज हाही म्हैसूरचाच. त्याच संघात बंगळूरचा एकवीस वर्षांचा अहमद खान होता.

अहमद खान १९४९ मध्ये कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबात रुजू झाला आणि १९५९ पर्यंत तेथेच खेळला. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह या आघाडीच्या पाच जणांना बंगाली प्रेक्षक ‘पंचपांडव’ म्हणत. पाचांपैकी एकही बंगाली नव्हता; पाचही दक्षिणेकडचे. १९४९ मध्ये साखळी, आय. एफ. ए. शील्ड आणि रोव्हर्स चषक या तिन्ही स्पर्धा ईस्ट बंगालने एकाच हंगामात जिंकल्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०–१ असा फडशा पाडला, त्यातील तो ‘१’ अहमद खानचा. १९५१ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकाचाही तो मानकरी. पण त्याच्या नावाने कोणाचे पुस्तक श्रीमंत झाले? ईस्ट बंगालचे. कलकत्त्यातील म्हातारे प्रेक्षक त्याच्या चेंडूच्या फिरक्यांचे वर्णन करताना गहिवरतात. त्याच्या जन्मगावी त्याचे नाव काढले तर लोक क्रिकेटपटूबद्दल विचारतो आहोत असे समजतात. ऑगस्ट २०१७ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, बंगळूरातच त्याचे निधन झाले. नोकरी बाहेर आणि पेन्शन गावी, असा हा परिचित क्रम.

अरुमैनायगम याचेही तसेच. १९६२ मध्ये जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळवले, त्या संघातील हा बंगळूरचा खेळाडू मोहन बागानचा म्हणूनच ओळखला जातो. तो ज्या भागातून आला ते अलसूरजवळचे गौतमपुरा आजही फुटबॉलवेडे आहे. तेथे चौकात बुद्ध, बाबासाहेब आंबेडकर आणि मदर तेरेसा यांच्या पुतळ्यांच्या संगतीत ब्राझीलच्या पेलेचाही पुतळा उभा आहे. ज्या गल्लीने देशाला आंतरराष्ट्रीय खेळाडू दिले त्या गल्लीने पुतळा उभारला तो परदेशी खेळाडूचा. त्यात मला काही गैर वाटत नाही. स्वतःची नोंद कोणी हाती ठेवली नाही म्हणजे माणूस जगाच्या नोंदवहीतून नाव उचलतो.

पेलेवरून एक गोष्ट आठवते. २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस संघ कलकत्त्यात मोहन बागानशी खेळला आणि सामना २–२ असा बरोबरीत सुटला. त्या बरोबरीवर बंगालमध्ये आजवर जितका मजकूर लिहिला गेला तितका क्वचितच एखाद्या विजयावर लिहिला गेला असेल. त्याच वर्षी फेडरेशन चषकाची पहिली स्पर्धा एर्नाकुलमला झाली. अंतिम सामन्यात याच मोहन बागानला १–० असे हरवून पहिलावहिला फेडरेशन चषक जिंकला तो इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने, म्हणजे बंगळूरच्या दूरवाणीनगरातील सरकारी टेलिफोन कारखान्याच्या संघाने. देशातील कपाटाएवढाल्या टेलिफोन केंद्रांपासून आपल्या टेबलावरच्या काळ्या यंत्रापर्यंत सर्व काही ज्या कारखान्यात बने, त्याच्या कामगारांनी हा पराक्रम केला. त्यांना क्लब असे वेगळे दप्तर कोठून असणार? त्यांचे दप्तर हजेरीपटाचे. सामना जिंकून आलेला गडी पुन्हा पाळीवर हजर होई.

कचेऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या संघांविषयी व्यावसायिक फुटबॉलचे आजचे अभिमानी थोडे तुच्छतेने बोलतात. मला ते पटत नाही. बंगळूरचा फुटबॉल अनेक वर्षे या संघांनीच जगवला. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा संघ त्यांतला एक. हा कारखाना १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने येथे काढला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. त्याचा संघ २०१० मध्ये आय-लीग या राष्ट्रीय साखळीत चढला आणि दोन हंगामांनी, २०१२ मध्ये, तळाशी राहून खाली उतरला. पगारी नोकरांचा तो शेवटचा संघ. पुढच्या वर्षी शहरात जे आले ते पूर्णतः वेगळे होते.

२० जुलै २०१३ रोजी जिंदाल उद्योगसमूहाने बेंगळूरु एफ. सी. हा व्यावसायिक क्लब स्थापन केला. या क्लबची नोंद पहिल्या मिनिटापासून पूर्ण आहे. पहिला सामना २२ सप्टेंबर २०१३ रोजी येथील फुटबॉल स्टेडियमवर, मोहन बागानविरुद्ध, १–१. क्लबचा पहिला गोल शॉन रूनी याचा. आणि तो खेळाडू योगायोगाने ऑस्ट्रेलियन! पहिल्याच हंगामात, २१ एप्रिल २०१४ रोजी, मडगावला धेंपो संघाला ४–२ असे हरवून क्लबने आय-लीग जिंकली. पदार्पणात ही साखळी जिंकणारा हा पहिलाच क्लब. ३१ मे २०१५ च्या सामन्याची नोंद मी अनेकदा वाचली आहे. हंगामाचा शेवटचा दिवस, कंठीरव स्टेडियम, पाऊस. जिंकल्यास विजेतेपद बंगळूरचे, बरोबरी झाल्यास मोहन बागानचे. जॉन जॉन्सनने गोल केला, घरचा संघ पुढे होता. ८७ व्या मिनिटाला बेलो रझाक याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि करंडक कलकत्त्याला गेला. तीन मिनिटे कमी पडली, हे आपल्याला सांगता येते, कारण कोणीतरी मिनिट लिहून ठेवले आहे. १९३७ च्या अंतिम सामन्यातील तो एकमेव गोल कितव्या मिनिटाला झाला, हे जाणण्याची उत्सुकता मला त्यापेक्षा किती तरी अधिक आहे.

पुढील विजय थोडक्यात सांगतो. २०१५–१६ मध्ये पुन्हा आय-लीग, २०१५ आणि २०१७ मध्ये फेडरेशन चषक, २०१८ मध्ये सुपर चषक, २०१८–१९ मध्ये इंडियन सुपर लीग, २०२२ मध्ये ड्युरँड चषक. नोव्हेंबर २०१६ मध्ये ए. एफ. सी. चषकाच्या अंतिम सामन्यात दोहा येथे इराकच्या वायुदलाच्या क्लबने त्यांना १–० असे हरवले. तेथवर पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब.

या पुस्तकातील सर्वांत मोठे नाव सुनील छेत्री. सिकंदराबादेत जन्मलेला सैनिकाचा मुलगा, म्हणजे बदल्यांच्या घरातला. क्लबतर्फे सर्वाधिक गोल त्याचेच. परंतु २०१५ मध्ये आय-लीगच्या सुट्टीच्या काळात बंगळूरने त्याला मुंबई सिटी या संघाकडे काही महिन्यांकरिता धाडले. आपल्या भाषेत प्रतिनियुक्ती. तेथे त्याने इंडियन सुपर लीगमधील भारतीय खेळाडूची पहिली हॅट्‌ट्रिक केली. ही हॅट्‌ट्रिक मुंबईच्या पुस्तकात आहे. मूळ आस्थापनेच्या पुस्तकात तिचा उल्लेख नाही, आणि नियमाप्रमाणे असूही नये.

याच्या उलट जाणारा एक गोल आमच्या लोकांनी लक्षात ठेवावा. १७ मार्च २०१९, मुंबईत अंधेरीचे मैदान. बेंगळूरु आणि गोवा यांच्यातील अंतिम सामना जादा वेळेतही ०–० असा रेंगाळला होता. ११७ व्या मिनिटाला कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला डोके लावून ज्याने गोल केला तो राहुल भेके. नावावरून वाचकांनी ओळखलेच असेल, मुलगा मुंबईचा. मुंबईच्या मैदानावर, मुंबईच्या मुलाने, बंगळूरला करंडक मिळवून दिला. २०२१ मध्ये तो मुंबई सिटीकडे गेला, २०२४ मध्ये त्या संघाचा कप्तान म्हणून त्याने हाच करंडक मुंबईला जिंकून दिला, आणि त्याच वर्षी पुन्हा बंगळूरास रुजू झाला. त्याच्या नावाची पाने दोन्ही वह्यांत आहेत. दोन्ही वह्या जाग्यावर असल्यामुळे त्याचे काही हरवले नाही.

अहमद खानचे जे हरवले ते असे: बंगळूरची वहीच नव्हती. म्हणून मला वाटते की, नव्या क्लबच्या चाहत्यांनी आपला इतिहास २०१३ पासून मोजला तर कायद्याने ते बरोबर आहेत. त्यांचा क्लब बंगलोर मुस्लिम्सचा वारस नाही, टेलिफोन कारखान्याचा तर नाहीच. सिडनीला साउथ मेलबर्नची विजेतेपदे मिळाली ती वारसाहक्काने. परंतु शहराचे खाते क्लबच्या खात्याहून वेगळे असू शकते, आणि ते उघडण्यास कोणाच्या मालकीची आडकाठी नाही. १९३७, १९३८, १९४८ ही रोव्हर्सची वर्षे, संतोष करंडकाची चार वर्षे, टेलिफोन कारखान्याचे १९७७, मग २०१३ नंतरचे सात करंडक आणि रियाध. एवढे एका पानावर मांडले तरी कलकत्ता आणि गोवा यांच्या पंक्तीस हे शहर बसते. त्याच पानावर दुसऱ्या रकान्यात बाहेरगावी गेलेल्यांची नावे लिहावीत: कोण, कोणत्या गल्लीतून, कोणत्या वर्षी, कोठे रुजू झाला. कंठीरव स्टेडियमच्या एका भिंतीवर हे सहज मावेल. राज्य फुटबॉल संघटनेने मनावर घेतले तर काम एका हंगामाचे आहे. जुन्या खेळाडूंची घरे अजून आहेत आणि त्यांच्या पेट्यांत कात्रणे, पदके व संघाची छायाचित्रे असण्याचा संभव आहे. हा संभव दरवर्षी कमी होत जातो.

रियाधला कर्नाटकाचे तीन गोल करणारे खेळाडू होते सुनील कुमार, बेके ओराम आणि रॉबिन यादव. आडनावांवरून त्यांचे जिल्हे ठरवण्याचा मोह मी आवरतो. त्यांच्या नावापुढे ‘कर्नाटक’ असे लिहिले गेले आहे, आणि त्यांच्या मूळ गावी कोणी ते लिहून ठेवले आहे की नाही हे त्या गावांनी पाहावे.